चौकोन, प्रश्नचिन्हं आणि आजीच्या आठवणी

मध्यंतरी एका शनिवारी सकाळी बाबांचा फोन आला. "अरे, आजीच्या आठवणी तू टाइप केल्या होत्यास ना? त्या काढून ठेव जरा. तिच्या जन्माला शंभर वर्षं होतायत, छोटंसं पुस्तक छापावं म्हणतोय."

मी म्हटलं, "काढतो की बाबा, पाच मिनिटांचं काम आहे."

आमच्या धंद्यातली 'पाच मिनिटं' किती लांबीची असतात हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेलच. ह्या पाच मिनिटांनी माझे तीन शनिवार खाल्ले, आणि शेवटी जे हाती लागलं त्याची रुखरुख अजून जात नाही. म्हणून हा लेख.

आधी पार्श्वभूमी. आजी सांगायची आणि मी टाइप करायचो, असं तीन वेळा झालं. पहिला भाग २००० च्या दिवाळीत, घरच्या कॉम्प्युटरवर. दुसरा २००५ मध्ये, तो लगेच अमेरिकेतल्या काकांना ईमेलने पाठवला होता. तिसरा २००७ मध्ये. तोवर मी नोकरीत चांगलाच मुरलो होतो, त्यामुळे साध्या फाईलमध्ये लिहिणं मला कमीपणाचं वाटायला लागलं होतं. मी आजीसाठी खास एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मागे डेटाबेस, पुढे फॉर्म, सगळा थाट! २००८ मध्ये आजी गेली.

त्या शनिवारी तिन्ही भाग उघडले. पहिल्यात पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, तीही अर्थहीन. दुसऱ्यात डोक्यावर रेघा घेतलेली परकी अक्षरं आणि परदेशी चलनांची चिन्हं. तिसऱ्यात नुसती प्रश्नचिन्हं. ओळीमागून ओळी, प्रश्नचिन्हं.

वरवर पाहता तिन्ही प्रकार सारखेच, 'मराठी दिसत नाहीये'. पण हे तीन वेगवेगळे आजार आहेत. एक बरा होतो, एक बराचसा बरा होतो आणि एक जिवावर बेततो. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

खिळ्यांपासून सुरुवात

देवनागरी आणि यंत्र ह्यांचं भांडण कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. इंग्रजी छापायला लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं मिळून शंभराच्या आसपास खिळे पुरतात. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं धरून शेकडो लागतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमने देवनागरीच्या खिळ्यांवर मोठं काम केलं. त्याच छापखान्यात लहानपणी लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचं जुनं पुस्तक हातात घेतलं की त्या अक्षरांपुढे आजही मान तुकवावीशी वाटते. पण त्यामागे जुळाऱ्याची केवढी मेहनत होती!

ही मेहनत कमी करायला विसाव्या शतकात लिपीच बदलायचा विचार पुढे आला. सावरकरांनी लिपीशुद्धीची चळवळ केली, त्यात 'अ'ची बाराखडी होती. म्हणजे इ, उ, ए असे वेगळे स्वर न ठेवता 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा लावायच्या. 'किर्लोस्कर' मासिकाने ती पद्धत बरीच वर्षं वापरली. जुने अंक चाळताना ते 'अि' आणि 'अे' पाहून मी लहानपणी ह्यांना मुद्रितशोधक मिळत नव्हता की काय असं समजायचो :)

मुद्दा हा, की यंत्राला लिपी झेपत नसेल तर दोनच मार्ग. लिपीला यंत्राच्या मापाचं करा, नाहीतर यंत्राला शहाणं करा. पुढचा सगळा इतिहास ह्या दोन मार्गांमधली ओढाताण आहे.

१२८ खुर्च्या

१९६३ मध्ये अमेरिकेत आस्की नावाचं प्रमाण ठरलं. सात बिट, म्हणजे १२८ जागा. त्यातल्या ३३ यंत्राच्या सूचनांसाठी, बाकी ९५ छापण्याजोग्या चिन्हांसाठी. म्हणजे सगळं इंग्रजी एका बसमध्ये बसलं आणि दार लागलं. पुढे आठवा बिट वापरून आणखी १२८ खुर्च्या मिळाल्या, त्यावर ज्याने त्याने आपापली माणसं बसवली. पश्चिम युरोपने रेघावाली अक्षरं, रशियाने सिरिलिक.

रशियन लोकांची एक युक्ती मला फार आवडते. त्यांच्या 'कोय-८' तक्त्यात सिरिलिक अक्षरं अशी मांडली होती, की वाटेत कुठल्या यंत्राने आठवा बिट गाळला तरी उरलेला मजकूर रोमन लिपीत वाचता यावा. घोटाळा होणारच हे गृहीत धरून केलेली सोय! ह्याला म्हणतात अनुभव.

आपल्याकडेही शहाणी माणसं होती. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं, 'जिस्ट' तंत्र तयार झालं, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे वाढलं. त्यातून 'इस्की' हे प्रमाण आलं. १९८८ ची एक आवृत्ती, मग १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४. त्यातला विचार जबरदस्त होता. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्या दिसायला वेगळ्या, पण त्यांची वर्णमाला जवळपास एकच. मग 'क'ला एकच क्रमांक द्या, तो देवनागरीत दाखवायचा की कन्नडमध्ये हे यंत्र ठरवेल. आणि साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी डावीकडे न्यायचं काम यंत्राचं.

हा दुसरा मार्ग, यंत्राला शहाणं करण्याचा. पण शहाणं यंत्र महाग असतं. सुरुवातीला त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड लागायचं. गल्लीतल्या डीटीपीवाल्याला हे कुठलं परवडायला?

इंग्रजीचं सोंग

त्याने पहिला मार्ग धरला. फॉन्ट म्हणजे शेवटी अक्षरांची चित्रं. मग इंग्रजी 'ए'च्या जागी मराठी चित्र ठेवलं तर? कॉम्प्युटर समजतो इंग्रजी आहे, माणूस मराठी वाचतो, सगळे खूश! शिवाजी, शुषा, कृतिदेव असे कितीतरी फॉन्ट ह्याच तत्त्वावर चालायचे, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. कृतिदेवची मांडणी टंकयंत्रासारखी, त्यामुळे कोर्टकचेऱ्यांतल्या टंकलेखकांना ती लगेच जमली. नव्वदच्या दशकातल्या लग्नपत्रिका, मासिकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल.. बहुतेक सगळं ह्या सोंगात लिहिलं गेलं. ह्या फॉन्टना नावं ठेवणारा मी नव्हे. ते नसते तर एका पिढीने कॉम्प्युटरवर मराठी लिहिलंच नसतं.

आजीचा पहिला भाग असाच होता. टंकयंत्राच्या वळणाचा फॉन्ट. फॉन्टची फाईल जुन्या हार्ड डिस्कबरोबर गेली, सोंगाचे कपडे हरवले आणि आतलं इंग्रजी उघडं पडलं. 'मराठी' हा शब्द तिथे ई, जे, के, मोठा बी, एच असा होता. 'आजी' म्हणजे व्ही, के, टी, एच. आणि 'घर' कसं लिहिलंय पाहिलंत तर गंमत वाटेल. प्रश्नचिन्ह, के, जे! कारण अर्धा घ प्रश्नचिन्हाच्या कळीवर, 'के' म्हणजे काना, 'जे' म्हणजे र.

म्हटलं, सोपं आहे, तक्ता बनवू आणि अक्षरं बदलू. तासाभरात प्रोग्रॅम लिहिला, चालवला. बाहेर काय आलं? 'किवता', 'मिहना', 'पिहला', 'शिनवार'. आणि 'सवर्', 'कायर्क्रम'.

ओळखीचं वाटतंय ना? जुन्या पीडीएफमधून मराठी कॉपी केल्यावर असंच येतं. टंकयंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कारण ती डावीकडे दिसते. रफार सगळ्यात शेवटी, कारण तो डोक्यावर बसतो. म्हणजे डोळ्यांचा क्रम. युनिकोडमध्ये (तो इस्कीकडून आला) क्रम जिभेचा. म्हणून प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते. 'स्थिती'त नुसत्या अर्ध्या स-पलीकडे नाही, थ-च्याही पलीकडे. आणि रफार मागे न्यायचा, वाटेतले काने-मात्रे ओलांडून. पहिला शनिवार ह्यातच गेला. पण रविवारी दुपारी आजीचं वाक्य पडद्यावर नीट उमटलं, "आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पण गोष्टींना तोटा नव्हता." मी कामात आहे हे विसरून तासभर नुसता वाचत बसलो.

थोडं विषयांतर. म्यानमारमध्ये हेच अख्ख्या देशाला करावं लागलं. तिथे 'झॉजी' नावाच्या फॉन्टची पद्धत इतकी रुजली होती, की १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस ठरवून सरकारने युनिकोडकडे वळायचं जाहीर केलं. माझी तर चाळीस पानंच होती.

येन आणि युरो

आता दुसरा भाग. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात जागा, आणि त्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली. सर्वसामान्य विंडोजवर देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून, 'मंगल' फॉन्टसकट.

पण तक्त्यातला क्रमांक बाइटमध्ये मांडायचा कसा? त्याचं आज सर्वत्र चालणारं उत्तर, यूटीएफ-८, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर आखलं. इंग्रजी अक्षराला पूर्वीसारखाच एक बाइट, देवनागरीला तीन.

आणि इथेच घोटाळा होतो. यूटीएफ-८ मजकूर जर कुणी पश्चिम युरोपचा तक्ता लावून वाचला, तर एका मराठी अक्षराची तीन परकी चिन्हं होतात. पहिलं नेहमी डोक्यावर तिरपी रेघ असलेला 'ए'. दुसरं चलनाचं चिन्ह किंवा येन. तिसरं बदलतं. 'मराठी' ह्या शब्दाची अशी १५ चिन्हं होतात आणि शेवटची दोन कोणती? येन आणि युरो! मराठीचा शेवट परकीय चलनात होतो, हा योगायोग मी चारचौघांत फार वेळा सांगितलाय. जपानी लोक ह्या प्रकाराला 'मोजिबाके' म्हणतात. 'मोजी' म्हणजे अक्षर, 'बाके' म्हणजे रूप पालटणं, भुताखेतांसारखं.

ह्या आजाराची चांगली गोष्ट अशी की बाइट शाबूत असतात. चुकीचा चष्मा काढायचा, बरोबर घालायचा. मी उलट रूपांतर केलं आणि मजकूर आला, पण भोकं पडलेला. 'प णे'. 'प त र'. 'क ठे'. मधलं काहीतरी गळलेलं.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग कळलं. विंडोजच्या त्या पश्चिम युरोपीय तक्त्यात पाच खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि वाटेतल्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने त्यावर बसलेले बाइट टाकून दिले होते. आपलं नशीब असं, की मराठीतला हलन्त नेमका अशा एका खुर्चीवर येतो. उकारही. शिवाय ए, ऐ आणि झ. म्हणजे जवळपास प्रत्येक जोडाक्षर मोडलेलं, आणि जागा रिकामी दिसली तर तिथे हलन्त होता की उकार हे यंत्राला सांगता येत नाही. 'प त र' म्हणजे 'पुत्र' हे मला कळतं, त्याला नाही. शेवटी शब्दांची यादी लावून बरंचसं भरलं आणि उरलेलं हाताने. एखाद्या जुन्या पोथीतलं वाळवी लागलेलं पान वाचतात तसं.

दोन्ही भाग जोडले आणि सहज 'दुसऱ्या' हा शब्द शोधला. पहिल्या भागात भरपूर सापडला, दुसऱ्यात एकदाही नाही. डोळ्यांना तर दिसत होता! कारण आपला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक साध्या र-ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून, आणि दुसरा नुक्तावाल्या ऱ-ला हलन्त देऊन. दिसायला सारखे, आतून वेगळे. आणि पहिल्या प्रकारात कुणी ते अदृश्य चिन्ह 'कचरा' समजून काढलं, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. सह्याद्रीच्या खोऱ्यात थेट समुद्र! 'आचाऱ्याला' दिलेले पैसे 'आचार्याला' पोचतात ते वेगळंच.

चौकोनांचं राहिलंच. दुरुस्त फाईल बाबांना पाठवली. बाबा अजून त्यांचा जुना एक्सपीवाला कॉम्प्युटर सोडायला तयार नाहीत. "अरे, 'ल्युमिनियमचं पातेलं'च्या आधी चौकोन आलाय." साहजिक आहे. 'ॲ' ह्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. बाबांच्या फॉन्टला त्याचं चित्रच माहीत नाही. त्यापूर्वी लोक 'अ'वर वेगळा चंद्र ठेवायचे, मग काही ठिकाणी मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ यायचं. पण चौकोन हा आजारच नव्हे. अक्षर आत ठणठणीत आहे, फक्त कपडे नाहीत. ह्या चौकोनांना 'टोफू' म्हणतात, आणि गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'टोफू नको' ह्यावरूनच आलंय.

चोवीस

आता तिसरा भाग.

प्रश्नचिन्ह म्हणजे चष्म्याचा दोष नव्हे. मजकूर एका तक्त्यातून दुसऱ्यात न्यायचा असतो, नव्या तक्त्यात त्या अक्षराला जागा नसते, आणि प्रोग्रॅम तिथे प्रश्नचिन्ह लिहून पुढे जातो. म्हणजे बाइटच बदलतात. म असो वा ठ, सगळ्यांचं तेच एक चिन्ह. परतीचा रस्ताच नाही.

आणि हे कुणी केलं? मीच. २००७ मधला तो थाटाचा प्रोग्रॅम. टेबल बनवताना मी लिपीचा तक्ता निवडलाच नव्हता, आपोआप आलेला पश्चिम युरोपीय तक्ता तसाच ठेवला होता. 'साठवा' दाबल्यावर फॉर्मवर मराठी दिसत राहायचं, कारण ते मेमरीतलं होतं. मी एकदाही बंद करून पुन्हा उघडून पाहिलं नाही. आजी समोर बसून सांगत होती, मी टाइप करत होतो, आणि प्रत्येक वाक्य साठवताक्षणी नष्ट होत होतं.

हा भाग पानशेतच्या पुराचा होता. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत. बाबा चार वर्षांचे.

प्रश्नचिन्हांतून काही सापडतं का म्हणून मी ती पानं छापून घेतली. शब्दांमधल्या जागा शाबूत आहेत, पूर्णविराम, स्वल्पविरामही. एका अक्षराला एक चिन्ह, त्यामुळे शब्दांची लांबी कळते. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नसला तर तिथे खराखुरा प्रश्न असावा. दुसऱ्या पानावर अशी तीन वाक्यं ओळीने आहेत. आजी कुणाला काय विचारत होती?

आकडे मी इंग्रजीत टाइप करायचो, म्हणून तेवढे वाचले. १२. १९६१. आणि तिसऱ्या पानावर, एका लांब वाक्याच्या मधोमध, २४.

बाबांना फोन केला. "चोवीस? जिन्याला पायऱ्या असतील. की माणसं? वरच्या मजल्यावर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून बरीच माणसं होती रे. मला काही आठवत नाही. मी तिच्या कडेवर होतो एवढंच आठवतं."

पुढच्या शनिवारी मी बाबांकडे गेलो. त्यांना जेवढं आठवत होतं, तेवढं त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. दीड पान भरलं. आजीची सहा होती.

असो. तुमच्याकडे असं काही असेल तर कळकळीने चार गोष्टी सांगतो. मूळ फाईल कधीही बदलू नका, प्रयोग करायचे ते प्रतीवर. जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर फॉन्टची फाईलही त्याच्याच शेजारी ठेवा. नवं काही लिहाल ते यूटीएफ-८ मध्ये. आणि साठवल्यावर फाईल बंद करा, पुन्हा उघडा आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जमलं तर कागदावरही काढा.

पुस्तक छापायला जातंय. तिसऱ्या भागात बाबांचं दीड पान आहे, बाबांच्या नावाने. त्यात २४ चा उल्लेख मुद्दाम ठेवलाय. नात्यातल्या कुणी वाचून "अगं, ते चोवीस म्हणजे.." असं म्हणेल, ह्या आशेवर.